ताट रिकामं, मी उपाशी

‘खा’ या शब्दाशी माझं वाकडं आहे. पनवेलजवळच्या आमच्या रोडपालीतल्या कुठल्याही आगरी घरात जा, पाणी विचारायच्या आधी ताट वाढतील, आणि ‘नको’ म्हणालात तर चांगलंच मनाला लावून घेतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी तशाच घरात वाढलेय. पण बाराव्या वर्षी माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे हाडांतल्या मगजातल्या मूळ पेशी बदलल्या, आणि त्यानंतर चार महिने मला भूक नावाची गोष्टच लागली नाही. त्या चार महिन्यांत हा शब्द मी इतका ऐकला की आज एकोणिसाव्या वर्षीही कुणी समोर ताट ठेवून ‘खा’ म्हणालं की माझा हात मागे जातो.

लोकांना माझे केस कसे गेले, सुया किती टोचल्या, हे ऐकायचं असतं. ते सगळं झालंच. पण मला सांगायचं आहे ते ट्रान्सप्लांट यशस्वी झाल्यानंतरचं, पप्पांनी गल्लीत पेढे वाटल्यानंतरचं. ज्यांच्या घरात आत्ता असं एखादं पोर ताटापुढे तोंड फिरवून बसलंय, त्यांनी हे वाचावं. जमलं तर त्या पोरालाही वाचायला द्यावं, म्हणजे ते तुमच्याशी नीट भांडू शकेल.

पिवळा घागरा

सुकापूरला मामेबहिणीची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. मांडव, डीजे, पंगतीवर पंगत. मी पिवळा घागरा घालून दोन तास नाचले आणि नाकातून रक्त आलं. पप्पांची मोठी बहीण, बेबीआत्या, धावत आली. तिने कांदा फोडून नाकाशी धरला.

“उन्हाचा हाय. वर बघ गो बाय, वर बघ.”

रक्त थांबेना. घागरा छातीपासून कमरेपर्यंत लाल झाला तेव्हा कुणीतरी डीजे बंद केला. तेवढ्या गर्दीत एकदम शांतता झाली आणि मला आजारापेक्षा त्या शांततेचीच लाज वाटली.

खरं तर मांड्यांवर आठ दिवसांपासून निळेकाळे डाग होते. मी ते कुणाला दाखवले नव्हते, कारण दाखवले असते तर हळदीत नाचू दिलं नसतं. ही माझी पहिली लपवाछपवी. दुसरी पुढे सांगणार आहे, ती जास्त महागात पडली.

पनवेलच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून मुंबईला पाठवलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथे तपासण्या झाल्या आणि मोठ्या डॉक्टरांनी आईपप्पांना आत बोलावून मला बाहेर बाकावर बसवलं. पाच मिनिटं मी बसले. मग उठले, दार ढकललं आणि म्हटलं, “रिपोर्ट माझाय ना? मग मलाच बाहेर का बसवता?” पप्पा ओरडले. डॉक्टर मात्र हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची दाखवली आणि सांगितलं की रक्त बनवणारं माझ्या हाडांतलं काम बंद पडत चाललंय, त्याला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतात. हा कॅन्सर नाही, असं ते म्हणाले तेव्हा आईने हात जोडले. “पण हाही लहान आजार नाही,” असं म्हणाले तेव्हा ते हात तसेच जोडलेले राहिले. खाली घ्यायचं तिला सुचलंच नाही.

माझी धाकटी बहीण मिनू आठ वर्षांची होती. तिच्या पेशी माझ्याशी जुळल्या. द्यायला तयार आहेस का, असं तिला विचारल्यावर तिने बदल्यात माझी सायकल मागितली. मी दिली. ती अजून तिच्याकडेच आहे आणि तिच्या चाकात आता हवाही नसते, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

काचेच्या आतली खोली

ट्रान्सप्लांटची खोली म्हणजे दोन दारांमधलं जगणं. आतल्या खोलीत मी. बाहेर एक चिंचोळी जागा, तिथे हात धुवायचे, गाऊन चढवायचा, मास्क लावायचा, मग आत यायचं. मधल्या दाराला काच होती. माझ्याबरोबर एकच माणूस राहू शकत होतं, आणि ती आई होती. सकाळी सहाला वजन, मग तोंडाच्या गुळण्या, गोळ्या, अंघोळ, डॉक्टरांचा राउंड, जेवण, पुन्हा गुळण्या. आधी सात-आठ दिवस जोरकस औषधं देऊन माझा जुना बिघडलेला मगज साफ केला. मग एका दुपारी मिनूच्या पेशींची पिशवी लावली. तीन तासांत ती संपली. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काहीच झालं नाही, मी झोपले.

पुढचे पंधरा दिवस तोंड आतून सोलून निघालं होतं. थुंकी गिळतानाही रडू यायचं. तेव्हा कुणी मला ‘खा’ म्हणत नव्हतं. गळ्याशी शिरेत बसवलेल्या नळीतून थेट रक्तात दुधासारखी पांढरी पिशवी चोवीस तास चालू असायची, तेच माझं जेवण. मग तोंड भरलं, पेशींचे आकडे वर चढायला लागले. डॉक्टर खूश, पप्पांनी पेढे वाटले, आणि माझ्यासमोर ताट आलं.

ताटात मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा. सगळं कुकरमध्ये कडक शिजवलेलं. आईने घास केला. मी तोंडात घेतला आणि तो तिथेच राहिला. दुखत नव्हतं. मळमळत होतं थोडं, पण तेही फार नाही. नुसतं काही वाटतच नव्हतं. भिंत चाटायला सांगितली असती तरी मला तितकीच इच्छा झाली असती. मी घास बाहेर काढला.

“आता काय झालं?” आई म्हणाली. “तोंड बरं झालंय ना?”

“भूक नाही.”

“महिनाभर पोटात कण नाही आणि भूक नाही?”

मला स्वतःलाच कळत नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी चिंबोऱ्यांच्या कालवणासाठी मिनूशी मारामारी करणारी मुलगी मी.

रोज संध्याकाळी आत्याचा व्हिडिओ कॉल यायचा. “खा गो बाय. नाय खाल्लास तर ताकद कशी येल? आमी काय रोज येव शकतो भरवाला?” मग पप्पा. मग मामा. मग मावशी. सगळे त्या छोट्या पडद्यावरून मला जेवायला लावत होते. पप्पा एकदा म्हणाले, “लहानपणापासून नाटकी आहे ती.” माझ्यावर बेफाम ताप, सुया, टक्कल, सगळं येऊन गेलं होतं. पण फोन भिंतीवर फेकावासा मला तेव्हाच वाटला.

छोट्या मॅडम

त्याच आठवड्यात एक तरुण डॉक्टर आल्या. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली होत्या, म्हणून मी त्यांना छोट्या मॅडम म्हणायचे. त्या ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांच्या आतड्यातल्या हार्मोनचा अभ्यास करत होत्या. जेवणाआधी थोडं रक्त आणि जेवणानंतर तासाभराने थोडं रक्त, तेही आधीच बसवलेल्या नळीतून, इतकंच त्यांना हवं होतं.

पप्पा फोनवर उखडले. “तिचं रक्त आत्ता कुठे बनायला लागलंय आणि तुम्ही ते काढताय?” मॅडम त्यांना म्हणाल्या की नको असेल तर नको, उपचारात काही फरक पडणार नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझं काय मत आहे?”

हॉस्पिटलात आल्यापासून मला मत पहिल्यांदाच विचारलं गेलं होतं. मी विचारलं, “ह्यातून काय कळतं?”

त्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, पोट म्हणजे नुसती पिशवी नाही, ते सतत बोलत असतं. पोटातून, आतड्यातून रक्तात निरोप जातात. एक निरोप सांगतो भूक लागली, दुसरा सांगतो पुरे झालं, तिसरा आतड्यालाच सांगतो की डागडुजी कर. तुला दिलेल्या औषधांनी तोंड जसं सोललं तसं आतडंही आतून सोललं, तोंड दिसतं आणि आतडं दिसत नाही एवढाच फरक. ते निरोप पाठवणाऱ्या पेशी त्याच अस्तरात असतात. मग निरोपांचं काय होत असेल, कधी परत सुरू होत असतील, ते आम्हाला अजून नीट माहीत नाही, म्हणून बघतोय.

“म्हणजे मी नाटक करत नाहीये?”

“तसं कोण म्हणालं?”

मी आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती. मी मॅडमना म्हटलं, “घ्या रक्त.” पप्पांना सांगितलं, सही करा. त्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन केली, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उष्टं

आता दुसरी लपवाछपवी.

ताट आलं की आई दोन-तीन घासांसाठी माझ्याशी झगडायची. मी एखादा गिळायचे, बाकी तसंच. मग आई ताट उचलून बाहेरच्या चिंचोळ्या जागेत न्यायची. काचेतून मला तिची पाठ दिसायची. ती उभ्याउभ्या माझं उरलेलं सगळं जेवायची, बोटाने ताट निपटून घ्यायची आणि रिकामं ताट बाहेरच्या फडताळावर ठेवायची.

यात तिचं काही ठरवून नव्हतं. आमच्याच काय, तुमच्याही घरी आई हेच करते. पोराचं उष्टं आई खाते. अन्न टाकायचं नाही, आणि लेकराचं तर नाहीच नाही. तिला स्वतःचा कॅन्टीनचा डबा मिळायचा, तो ती अर्धा परत पाठवायची, पण माझ्या ताटातला भाताचा कण सोडायची नाही.

लिसी सिस्टर केरळच्या. त्या फडताळावरचं ताट बघायच्या आणि चार्टवर लिहायच्या. काचेबाहेरून मला अंगठा दाखवायच्या. “पूरा खाया! गुड गर्ल!”

पहिल्यांदा त्या असं म्हणाल्या तेव्हाच मला कळलं. मी बोलायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण त्या संध्याकाळी सिस्टरांकडून ऐकून पप्पांचा फोन आला आणि त्यांनी मला ओरडायच्या ऐवजी ‘शाब्बास’ म्हटलं. आत्या म्हणाली, “बघ, खाल्लास ना?” कुणी ‘खा’ म्हटलं नाही. मला तेवढंच हवं होतं. आईला चार्टचं माहीतच नव्हतं, तो बाहेर असायचा; हे कौतुक नुसतं मला खूश ठेवायला चाललंय असं तिला वाटायचं. मला माहीत होतं. चूक आईच्या हातून झाली, पण खोटं माझं होतं.

चार्ट बघून डॉक्टरांनी पांढरी पिशवी आधी निम्मी केली, मग बंद केली. वजन उतरायला लागलं. सलाईन कमी केलं की अंगातलं पाणी उतरतं, म्हणून दोन-तीन दिवस कुणाला शंका आली नाही. घरी सोडायची भाषा सुरू झाली. मिनूने माझ्या पलंगावरची तिची चादर काढून घेतली, असं आत्याने सांगितलं. आणि त्या पहिल्या ‘गुड गर्ल’पासून सातव्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा लिसी सिस्टर माझ्या नळीतून साखरेचं पाणी सोडत होत्या आणि आई कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती.

त्याच दुपारी छोट्या मॅडम आल्या. हातात कागद होता. एरवी असले निकाल लगेच कुणी पेशंटकडे घेऊन येत नाही, पण सकाळचं ऐकून त्यांनी माझे आकडे काढून बघितले होते. जेवणाआधीचं रक्त आणि पूर्ण ताट जेवल्यानंतरचं रक्त, दोन्ही जवळजवळ सारखीच होती. जेवण पोहोचल्याची कसलीच खूण नव्हती.

“याचे दोन अर्थ होतात,” त्या म्हणाल्या. “एक तर तुझं आतडं जेवण आल्याचं कळवत नाहीये. नाहीतर जेवण आलंच नाहीये. कुठला, ते हा कागद सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस.”

आई तिथेच होती. मी खोटं बोलले असते तर खपलं असतं. आतड्यावर सगळं ढकलता आलं असतं, आईला कुणी काही बोललं नसतं, आणि मी आणखी चार-आठ दिवसांत कुठे गेले असते ते मला त्या सकाळी दिसलं होतं. इतकं सोसून, मिनूच्या हाडांतून पेशी काढून, मी एका रिकाम्या ताटापायी मरणार नव्हते.

“मी जेवत नाही,” मी म्हटलं. “आई जेवते.”

आईचा चेहरा मी विसरणार नाही. आधी तिला समजलंच नाही. मग मॅडमनी चार्ट आणून दाखवला, ‘पूर्ण, पूर्ण, पूर्ण’ असं लिहिलेला. तो बघून ती खाली फरशीवर बसली.

“मी काय माझ्यासाठी खाल्लं? पोरीचं उष्टं कुणी टाकतं का? मला काय माहीत ताट मोजतात म्हणून!” आणि मग माझ्याकडे बघून, “तुला माहीत होतं?”

मी मान डोलावली. माझ्याशी त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

मोठे डॉक्टर येऊन चिडले, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. छोट्या मॅडम मात्र लिसी सिस्टरना म्हणाल्या, “माझी आईसुद्धा हेच करायची. आपण विचारायला पाहिजे होतं.” दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या फडताळावर झाकणाचा डबा आला आणि भिंतीवर मराठी-हिंदीत चिठ्ठी लागली: उरलेलं अन्न टाकू नका, खाऊ नका, यात ठेवा. ते वजन करूनच चार्टवर चढायला लागलं. ती चिठ्ठी माझ्यामुळे लागली याचा मला आजही अभिमान आहे.

नाकातली नळी

पांढरी पिशवी पुन्हा सुरू झाली आणि नाकातून पोटात एक बारीक नळी गेली. तिच्यातून थेंब थेंब पातळ अन्न, म्हणजे आतड्याला काम मिळत राहील. ती घालताना मी लाथा मारल्या. घातल्यावर आरशात बघितलं, टक्कल, सुजलेले गाल, गालावर चिकटपट्टी. मी आरशाला जीभ दाखवली.

संध्याकाळी आत्याचा कॉल आला. तिने नळी बघितली आणि रडायलाच लागली. “नाकानशी जेवान? आरं देवा! एक घास तोंडान घाल गो बाय, मंग काढतील ती. खा ना...”

आई सकाळपासून गप्पच होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. आत्यापुढे मोठ्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“वन्सं, ऐका. ती नाटक करीत नाय. तिला भूकच नाय. डॉक्टरांनी रक्तान बघितलाय. आजपासना तिला कोनी ‘खा’ म्हनाचा नाय. तुमी नाय, तिच्या बापानी नाय, आन मी पन नाय. जवा लागेल तवा ती सांगेल.”

आत्या गप्प झाली. रोडपालीत हा चमत्कारच. आईने फोन ठेवला आणि माझी चिकटपट्टी नीट केली. आमचं भांडण तिथे मिटलं.

तिने शब्द पाळला. सोपं नव्हतं ते. ताट यायचं, ती ते माझ्यापुढे ठेवायची आणि हात मांडीखाली दाबून बसायची. घास आपोआप होऊ नये म्हणून. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी ते बघून हसायचे. मग तीही हसायची.

थांब

नळीसकट मी घरी आले. घरात माझी वेगळी खोली, चपला बाहेर, मास्क, उकळलेलं पाणी. मासळी बंद. खाली स्वयंपाकघरात बोंबील तळले तरी माझ्या नाकाला काही वाटायचं नाही. आई नळीतून अन्न सोडायची, दोन-चार चमचे मी तोंडाने घ्यायचे, औषधासारखे. छोट्या मॅडमना मी दर तपासणीला विचारायचे, “कधी?” त्या दर वेळी म्हणायच्या, “माहीत नाही.” खोटी तारीख त्यांनी कधी दिली नाही. ट्रान्सप्लांट होऊन चार महिने होत आले.

एका सकाळी मी मिनूचा गृहपाठ बघत बसले होते आणि पोटात काहीतरी झालं. बरगड्यांच्या खाली कुणीतरी आतून ओरबाडल्यासारखं. थांबलं. पुन्हा झालं. मी घाबरले. आईला हाक मारली. ती जिन्यावरून धावत आली, तिचा चेहरा पांढराफटक. पप्पा गाडीची चावी शोधायला लागले. आईने मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“कुठे दुखतंय? ताप आहे? उलटी? जुलाब?” नाही, नाही, नाही. “दुखतंय म्हणजे कसं?”

“रिकामं दुखतंय,” मी म्हटलं. “आवाजही येतोय.”

मॅडम म्हणाल्या, “सायली, तुला भूक लागलीय.”

माझं नाव सायली. मी ते इतका वेळ सांगितलंच नव्हतं.

आई फोन टाकून खाली पळाली. कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. पप्पा पायरीवर बसून तोंड झाकून रडत होते, चावी हातातच होती. दहा-पंधरा मिनिटांत आई ताट घेऊन आली. मऊ भात, वर तूप, वरण, बाजूला लिंबाएवढा बटाट्याचा गोळा. वाफ येत होती. आणि मला त्याचा वास आला. तुपाचा. कित्येक महिन्यांनंतर. तोंडाला पाणी सुटलं, अक्षरशः हनुवटीवर ओघळलं.

आईने ताट पुढे सरकवलं. तिने शब्द पाळला, काही म्हणाली नाही. पण डोळे काय म्हणत होते ते कळत होतं.

“थांब,” मी म्हटलं. “जरा लागू दे.”

“काय?”

“भूक. जरा अजून लागू दे.”

चार महिने जिची वाट बघितली ती आली होती, आणि पहिल्याच घासाला मी तिला घालवून देणार नव्हते. मी पोटावर हात ठेवून बसले. ते गुरगुरत होतं, कळ मारत होतं, सांगत होतं. माझंच पोट, माझ्याशी बोलत होतं. आई शेजारी बसून राहिली, हात मांडीखाली दाबून.

मग मी जेवले. स्वतःच्या हाताने, सात घास. आठव्याला पोटाने सांगितलं पुरे, तेही मला नीट ऐकू आलं. अर्धं ताट उरलं होतं.

आईचा हात सवयीने ताटाकडे गेला आणि मध्येच थबकला. ती माझ्याकडे बघायला लागली. घरात कुणी काही लिहून घेत नव्हतं, डबा नव्हता, चिठ्ठी नव्हती. तरी ती विचारल्यासारखी बघत राहिली.

मी ताट तिच्याकडे सरकवलं.

“खा,” मी म्हटलं.